मागच्या खोलीची तराई

आमच्या मागच्या खोलीची गंमत सांगते. तिला प्लास्टर झालं तेव्हा आई म्हणाली, "खोली तुलेच देऊन राहिलो अभ्यासाले, तर तराई तूच कर." नव्या प्लास्टरवर पाणी मारायचं, त्याला रायपूरकडच्या आमच्या मरोदा गावात तराई म्हणतात. मिस्त्रीनेही बजावलं, "बिटिया, दीवार सूखी तो चटक जाएगी." भिंतीला तडे जाऊ नयेत म्हणून मी शाळेआधी आणि शाळेनंतर मगाने चारही भिंती भिजवायचे. गणवेशाच्या बाह्या कायम ओल्या.

मग दादा रायपूरहून परत आला. आता तो घरूनच परीक्षेची तयारी करणार होता. जेवताना बाबा म्हणाले, "मागची खोली त्याले देऊ."

"अन् मी?" मी हळूच विचारलं.

"तू हुशार हायेस. तुझा त सैपाकघरात बी अभ्यास होते."

दादाने जाऊन भिंतीला हात लावला. "आई, इथं त सारी ओल हाय. मले सर्दी होईल."

"मंग सुकेपर्यंत तिथं हिले राहू दे," आई म्हणाली.

मी पुस्तकं उचलून मागच्या खोलीत गेले.

परवा मिस्त्री रस्त्यात भेटला. म्हणाला, "बस, अब पानी मत डालना." घरी मी हे अजून कोणाला सांगितलेलं नाही. भिंती रोज भिजवते.