फुप्फुस माझं, मत कुंभकोणमचं

...आणि वर मलाच म्हणतात, जोरात बोलू नका! अहो, जोरात नको बोलू तर काय करू? तुम्हीच सांगा. मी नादस्वरम, म्हणजे आमची दक्षिणेकडची लांबलचक सनई, वाजवणारा माणूस, पंचवीस वर्षं अख्ख्या कुंभकोणमची लग्नं माझ्या दमावर लागली, आणि मला घरात फुगा फुगवायची बंदी! फुगा जाऊ द्या, गरम कॉफीवर फुंकर मारली तरी आतून आई ओरडते, "वैद्यलिंगा, फुंकू नकोस रे!" फुप्फुस कुणाचं? माझं. आणि मत? मत सगळ्या गावाचं!

तुम्हाला सांगतो, पहिल्यांदा फुप्फुस बसलं ना, तेव्हा मी वाजवत होतो? छे! ओट्यावर बसून पेपर वाचत होतो. डाव्या छातीत कळ आली, अश्शी, सुरी खुपसल्यासारखी, आणि श्वास वरच्या वर... डॉक्टर इळंगोवन म्हणाले, "फुप्फुसावरचा बारीक फोड फुटला. हवा छातीत शिरली आणि तिनं फुप्फुसच दाबून टाकलं." बरगड्यांमधून नळी घातली, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात, आणि तिथं माझी हवा बुडबुडे काढत बसली. पाच दिवस! आमचा पक्किरिसामी, माझ्या साथीला तविल, म्हणजे आमचा ढोल, वाजवतो तो, भेटायला आला आणि बाटलीकडे बघत मांडीवर ताल धरून बसला. म्हणतो कसा, "अण्णा, चौथा बुडबुडा जरा मागे पडतोय."

घरी आलो तर निकाल लागलेला. नादस्वरमनं घात केला! आई म्हणते, शेजारी म्हणतात, देवळाबाहेरची फुलवालीसुद्धा म्हणते. अहो, पण डॉक्टरांनी स्पष्ट विचारलं होतं, "बिडी किती?" मी म्हटलं, तीन-चार. तर म्हणाले, "तासाला?" मी बोटं मोजायला लागलो. "अंगकाठी लांब, बारीक, त्यात ही बिडी. वाजवण्याच्या डोक्यावर खापर फोडू नका," असं आईच्या समोर सांगितलं त्यांनी. आणि आईनं काय करावं? नादस्वरम माळ्यावर टाकलं आणि बिडीचं बंडल फडताळात नीट ठेवलं! का, तर "आजारी माणसाला तेवढाच विरंगुळा." फुप्फुस माझं हो, पण मत...

आणि मी शहाणा, ओढत राहिलो. दोन महिन्यांनी पुन्हा बसलं. तीच बाजू. या खेपेला वेष्टी नेसत होतो. पुन्हा नळी, पुन्हा बाटली, पुन्हा पक्किरिसामी! डॉक्टर म्हणाले, "दोनदा झालं, तिसऱ्यांदा व्हायची शक्यता दांडगी. दुर्बिणीनं आत जाऊन फोड कापतो, पावडर उडवतो. तिनं आत दाह होतो आणि फुप्फुस छातीला चिकटून बसतं. मग सहसा बसत नाही." मी एकच विचारलं, वाजवता येईल? कारण वैकासी महिन्यात माझ्या कयलविळीचं लग्न. पोरीनं बजावलेलं, "अप्पा, गेट्टी मेळम तुमचंच. दुसऱ्यानं वाजवलं तर मी मांडवातून उठेन." मंगळसूत्राची गाठ पडते त्या घडीला आम्ही जीव खाऊन वाजवायचं, कुणी शिंकलं, कुणी वंगाळ बोललं, तर मुलीच्या कानावर जाता कामा नये. सगळ्या गावाच्या पोरींसाठी वाजवलं, आणि माझ्याच पोरीच्या वेळी मी हात बांधून बसू? डॉक्टर म्हणाले, "आज बिडी सोडा. ऑपरेशननंतर तीन महिने थांबा. छातीचा फोटो स्वच्छ आला तर बघू."

पण पावडर हा शब्द आईनं ऐकला ना! दुसऱ्या दिवशी वैदीश्वरन कोविलच्या देवळातली विभूती घेऊन थेट डॉक्टरांच्या टेबलापाशी. "पांढरीच पाहिजे ना? मग देवाची घाला की!" माझ्या आत्तेबहिणीनं तर तोंडाला लावायच्या चंदनी वासाच्या पावडरीचा डबा पाठवला, म्हणे आपल्या घराण्याला हीच मानवते! अहो, भिंत रंगवायची होती का माझी? डॉक्टर भला माणूस. विभूती स्वतःच्या कपाळाला लावली आणि म्हणाले, "आई, तुमची बाहेरून, माझी आतून."

झालं ऑपरेशन. छाती जळली, रात्रंदिवस जळली, त्याचं काही नाही. पण बिडी! तिन्हीसांजेला तळ्याच्या पायरीवर बसलो की हात आपोआप कनवटीला जायचा. भीती वाटायची हो. नळीची नाही. पोरीच्या लग्नात पाहुण्यासारखं बसायची.

तीन महिन्यांनी फोटो आला, स्वच्छ! डॉक्टर म्हणाले, "वाजवा, पण बेतानं वाढवा. कळ आली तर तिथंच थांबा. आणि खोल पाण्यात बुडी कधीच मारायची नाही." मी? मी कावेरीत गुडघ्याच्या पुढे उतरत नाही!

लग्नाचा दिवस. पुरोहितानं बोट वर केलं, "गेट्टी मेळम, गेट्टी मेळम!" आणि तुम्हाला सांगतो, मांडवात चिडीचूप. तीनशे माणसं स्वतःचा श्वास रोखून माझ्या छातीकडे बघतायत! आईनं मागून माझा सदरा धरलेला, पहिल्या रांगेत डॉक्टर अर्धे उठलेले. वधूकडे बघा ना कुणीतरी! मी डोळे मिटले आणि फुंकलं. फुंकलं, फुंकलं... गाठ पडली. कयलनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि हसली. डोळे भरून आले माझे, पण सूर नाही सोडला.

आणि मग सुरू! आई म्हणे, विभूती पावली. डॉक्टर म्हणे, पक्कं चिकटलंय. आत्तेबहीण म्हणे, डबा वाया नाही गेला. पक्किरिसामी म्हणे, "अण्णा, निम्मा आवाज माझाच होता." अहो, आणि बिडी? बिडी कुणी सोडली? कुणाचं लक्षच नाही, पंगत बसली होती ना!

तेवढ्यात आई आली. माझ्या हातातलं नादस्वरम काढून घेतलं, पदरानं पुसलं, म्हणाली, "पुरे, आता हे माळ्यावर." आणि कमरेच्या पिशवीतून तेच, फडताळातलं, जपून ठेवलेलं बंडल काढून माझ्या हातावर ठेवलं. "दमलास रे बाळा. घे, एक ओढ, बरं वाटेल."

मी काही बोललो नाही. जोरात बोलायची बंदी आहे ना मला.