चपटं शिसं

बायको गेल्याचा फोन आला, तेव्हा मी मासेमारीच्या सामानाच्या याच दुकानात होतो. गळाला दोरी बांधून झाल्यावर तिनेच मला गळ तळाशी बुडवणारं शिसं आणायला पाठवलं होतं. ते न घेताच मी धावत सुटलो. आज पुन्हा रांगेत उभा राहिलो, तर पुढे एक नवरा-बायको.

"जड शिसं घेऊ. शेजारी जडच लावतो, म्हणून त्याला एवढाले कार्प मासे लागतात."

"तो पलीकडच्या काठाला बसतो, तिथे खडी आहे. आपल्या बाजूला गाळ. जड शिसं रुतून बसेल. चपटं, हलकं घ्या."

"त्याची बायको नाही त्याला असं अडवत."

"मग तिच्याकडूनच घ्या बांधून."

"तिला कुठे बांधता येतं!"

"अच्छा, म्हणजे चौकशी करून झाली!"

"बरं बाई, चपटं. पण घट्ट बांध."

"सैलच बांधणार. दोरी तुटली तर शिसं सुटायला हवं. नाहीतर बिचारा मासा ते ओढत फिरेल."

"आटपा हो लवकर," मी म्हणालो. "मागे माणसं खोळंबलीत."

माझ्यामागे कुणीच नव्हतं.

मीही चपटं, हलकंच घेतलं. घरी खिडकीच्या खिळ्याला तिने बांधलेला गळ तसाच लटकतोय. त्याला शिसं बांधायचं राहिलंय.