जिन्याखालचं बाथरूम

(वॉटफर्ड, मे २००६. शनिवारी दुपारी दीनानाथ वर्तकांच्या घरातली फ्रंट रूम. इंटिरिअर आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला असलेली त्यांची मुलगी कस्तुरी नुकतीच ट्रेनने आली आहे.)

कस्तुरी : ...म्हणून मी ट्यूटरला ईमेल केला. प्रोजेक्ट सबमिट नाही करत. डिग्री नको मला, बाबा.

दीनानाथ : जेवलीस का?

कस्तुरी : मी काय सांगते ते ऐका ना.

दीनानाथ : ऐकलं. तीन वर्षं घासलीस, दहा दिवस उरले आणि आता डिग्री नको. बरं. ट्यूटर काय म्हणाले?

कस्तुरी : खूप नाइस होता. म्हणाला, एक्स्टेन्शन घे, सप्टेंबरला दे. पण मला ती ड्रॉइंग्ज बघायचीच नाहीत. हाच घर आहे त्यात. हीच रूम. आईचा बेड, आईचा व्हीलचेअर वळायला दीड मीटरचा सर्कल. सगळं आहे, आई नाही.

दीनानाथ : दुसऱ्या कुणाचं घर घेतलं असतंस तर बरं झालं असतं.

कस्तुरी : प्रोजेक्टचं ब्रीफच तसं होतं. खरा माणूस, खरा घर. बाकीचे लोक शोधत फिरले. मला शोधायला नाही लागलं. ऑक्टोबरला आईला स्ट्रोक आला आणि मला क्लायंट मिळाली.

दीनानाथ : असं बोलू नये, बाळा.

कस्तुरी : पण तसंच झालं. नोव्हेंबरला मी पहिला प्लॅन केला. जिन्याखाली बाथरूम, इथे बेड. सिंपल. ट्यूटर म्हणाला, जरा ऑर्डिनरी आहे. मी फाडला. मग किचन फिरवलं. मग मागची वॉल काचेची केली, आईला गार्डन दिसेल म्हणून. तुम्ही दर संडेला फोनवर विचारायचे, झाला का प्लॅन. मी म्हणायची, नाही अजून. मला वाटायचं, तुम्ही सहज विचारता.

दीनानाथ : सहजच विचारायचो.

कस्तुरी : नाही. फ्युनरलला सुप्रभामावशी कोणाला तरी सांगत होती, मी ऐकलं. घर तयार नव्हतं म्हणून आईला घरी सोडलं नाही. पंधरा आठवडे ती त्या वॉर्डात, आणि मग चेस्ट इन्फेक्शन. तुम्ही माझ्या ड्रॉइंगसाठी थांबला होता ना? मी लेट केलं म्हणून आई...

दीनानाथ : सुप्रभाला अर्धंच माहीत आहे. बस जरा. मला हे उभ्यानं सांगता येणार नाही.

कस्तुरी : काय?

दीनानाथ : नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कौन्सिलची एक बाई घर बघायला आली होती. पेशंटला घरी आणायचं तर काय काय लागेल, ते ठरवणारी. भली बाई होती, न सांगता बूट काढून आत आली. तुझ्यासारखीच टेप लावून सगळं मोजलं. म्हणाली, तोडफोड काही नको. या खोलीत बेड, बेडशेजारी कमोडची खुर्ची, दाराला रॅम्प. मिसेस वर्तक पुढच्या शुक्रवारी घरी.

कस्तुरी : पुढच्या शुक्रवारी?

दीनानाथ : हो.

कस्तुरी : मग?

दीनानाथ : मी नको म्हटलं.

कस्तुरी : का?

दीनानाथ : त्या कोपऱ्यात तेव्हा देव होते. चोवीस वर्षं तुझ्या आईनं अंघोळ केल्याशिवाय त्यांना हात लावला नाही. तिच्याच देवांसमोर कमोड ठेवायचा, हे मला पटेना. आणि खरं सांगायचं तर थोडा भावही खायचा होता. त्या बाईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, माझी मुलगी हेच शिकते आहे, ती डिझाइन करते आहे, आम्ही तेच बांधणार. तिनं दोनदा विचारलं. मी दोनदा नको म्हटलं.

कस्तुरी : मला का नाही सांगितलं?

दीनानाथ : सांगितलं असतं तर तू घाई केली असतीस. वाटलं, पोरीचं काम नीट होऊ दे.

कस्तुरी : आईला विचारलं होतं?

दीनानाथ : नाही. तिला काय चालेल, काय नाही, ते मला ठाऊक आहे अशी माझी समजूत. जानेवारीत विचारलं. तेव्हा ती एकेक शब्द जोडून बोलायला लागली होती. सगळं सांगितलं तिला, ती बाई, कमोड, देव. मग म्हणाली, "वर न्यायचे की. हलके आहेत देव."

कस्तुरी : मला वाटलं, आई गेल्यावर हलवले तुम्ही.

दीनानाथ : त्याच संध्याकाळी नेले. दोन फेऱ्या झाल्या, दहा मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी त्या बाईला फोन केला. तोवर आमचा नंबर मागं गेला होता. एकवीस फेब्रुवारीची तारीख मिळाली. तुझी आई नऊ तारखेलाच गेली.

कस्तुरी : तीन महिने मला वाटतं आहे की माझ्यामुळे झालं. रोज. स्टुडिओत बसले की हात चालत नाही माझा.

दीनानाथ : मला कल्पना नव्हती गं.

कस्तुरी : तुम्ही विचारलं नाही.

दीनानाथ : नाही विचारलं. मी कुणालाच विचारत नाही. आईला नाही, तुला नाही. पण तुझ्या नकाशामुळं काही झालेलं नाही. जे झालं ते माझ्यामुळं. एवढं मनात पक्कं धर आणि प्रोजेक्ट देऊन टाक. माझ्यावर राग धरून दे हवं तर.

कस्तुरी : पहिला प्लॅन देईन. जिन्याखाली बाथरूमवाला. मार्क्स कमी मिळतील.

दीनानाथ : मिळू देत.

कस्तुरी : जूनला डिग्री शो आहे. भिंतीवर लावतात सगळ्यांचं काम, पेरेंट्स येतात. तुम्ही येऊ नका, बाबा.

दीनानाथ : का, असं विचारू?

कस्तुरी : लोक विचारतील, हा कोणाचा घर आहे. तुम्ही सांगाल सगळ्यांना. प्राउडली. मला ते ऐकायला नाही जमणार. ह्या वर्षी नाही.

दीनानाथ : बरं. नाही येणार.

कस्तुरी : निघते मी. पाचची ट्रेन आहे.

दीनानाथ : स्टेशनवर सोडू का? की तेही नको?

कस्तुरी : सोडा. पण गाडीत बोलू नका.