झाकणावरचा भार

मुलगी : बाबा, सोड ना आता ती दोरी! टेम्पो येऊन दहा मिनिटं झाली आणि तू नुसता त्याच्याभोवती घिरट्या घालतोयस.

बाबा : इंजिन जरा गार होऊ दे.

मुलगी : इंजिन पुढे आहे, कॅन मागे आहेत!

बाबा : मग ड्रायव्हरकाकांना तरी येऊ दे.

मुलगी : ते येत नाहीत. म्हणाले, "मागच्या वेळी माझ्या बुटांतून फेस निघत होता. तुम्ही बघून घ्या, मी कोपऱ्यावर चहा घेतो."

बाबा : गाडी खडीच्या रस्त्यानेच नेली ना त्यांनी?

मुलगी : खाणीपर्यंत जाऊन परत, तेही दोनदा. कंबरेचा पार खुळखुळा झाला म्हणे. अठ्ठेचाळीस कॅन, चार-चारची थप्पी, प्रत्येकात पाच लिटर साबण आणि मध्ये ना पुठ्ठा ना फळी. साबण कंपनीच्या खरेदीवाल्या बाईंनी सांगितलं होतं अगदी तस्संच.

बाबा : उद्या सकाळी त्या स्वतः बघायला येणार. मागच्या वेळी अकरा कॅन गळले, तरी त्यांनी एक संधी दिली. दुसरी कोण देतं?

मुलगी : आणि आज गळले तर साचा भंगारात, वर्कशॉपला कुलूप आणि तू मोठ्या कारखान्यात दुसऱ्याच्या हाताखाली. माहितेय मला. आठवडाभर भाजीबरोबर तेच तोंडी लावतोय आपण.

बाबा : तू घरी जा बरं. अभ्यास नाही का?

मुलगी : मुळीच नाही जाणार. खडू कोणाचा होता?

बाबा : तुझा.

मुलगी : ऐकू नाही आलं!

बाबा : तुझा गं बाई, तुझा! काय पोरगी आहे! परवापरवापर्यंत पाहुणे आले की दाराआड लपायचीस.

मुलगी : दाराआडून चुका दिसत नाहीत बाबा. आणि चुकांवरून आठवलं. आत्याला सांगितलंस?

बाबा : सांगणार आहे.

मुलगी : कधी?

बाबा : आधी हे कोरडं निघू दे. मग शांतपणे जाऊन...

मुलगी : म्हणजे ओलं निघालं, तर चूक आत्याचीच राहणार?

बाबा : तसं नाही म्हणालो मी.

मुलगी : तसंच होतंय पण. चार दिवस झाले आपल्याला कळून. मी रोज शाळेतून तिच्याकडे जाते, ती न बोलता झाकणांचा डबा हातात देते, मी तो इकडे आणते. तुम्ही दोघं रुसलात आणि मी हमाल झाले!

बाबा : मी जाईन म्हटलं ना.

मुलगी : नको जाऊस. मीच बोलावलंय तिला. ती बघ, फाटकातून आलीसुद्धा.

(आत्या येते. काखेत झाकणांचा डबा, तोंड फुगलेलं.)

आत्या : आले बाई. काय निघालं आता? वॉशर सैल, की माझी बोटं सैल?

बाबा : ताई, बस ना. खुर्ची देतो.

आत्या : खुर्ची नको. बारा वर्षं घरात बसूनच वॉशर बसवतेय. उभं राहिल्यावर जरा बरं वाटतं.

मुलगी : बाबा...

बाबा : हो, हो. ताई, ते मागच्या वेळचं...

आत्या : मागच्या वेळचं मला पाठ आहे. चार हमालांसमोर म्हणालास, "ताईचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही." त्यातला एक तर माझ्याच गल्लीत राहतो. दुसऱ्या दिवशी विचारतो, "बाई, हात दुखतोय का?"

बाबा : तुझा हात ठीक आहे.

आत्या : अरे वा! डॉक्टर झालास?

बाबा : चूक माझी होती.

आत्या : काय म्हणालास?

मुलगी : म्हणाला, ऐकलं मी! बाबा, आता सगळं सांग. नाहीतर मी सांगते.

बाबा : मी सांगतो. ताई, आपण इतकी वर्षं गोल कॅन केले. ते एकावर एक राहतच नाहीत. प्रत्येक थराला फळी लागते, गाडीत निम्मी जागा वाया जाते. म्हणून मी हा चौकोनी काढला. मूठ आत दाबलेली, बुडाला मध्ये खळगा. खालच्या कॅनचं झाकण वरच्याच्या खळग्यात जाऊन बसायचं आणि वजन पडायचं चार कोपऱ्यांवर, म्हणजे खांद्यांवर. झाकणाला वजन लागताच कामा नये.

आत्या : एवढं मलाही कळतं. मग?

बाबा : खळगा किती खोल ठेवायचा, ते मी झाकणावरून मोजलं. माझ्या टेबलावरच्या.

आत्या : मग बरोबरच की.

मुलगी : आत्या! बाबाच्या टेबलावरचं झाकण कसं असतं?

आत्या : कसं म्हणजे? जसं मशीनमधून पडतं तसं. रिकामं.

मुलगी : आणि वॉशर कुठे बसतो?

आत्या : माझ्या घरी, माझ्या अंगठ्यानं... अरे देवा!

बाबा : वॉशर असला की झाकण पूर्ण खाली बसत नाही. दोन मिलिमीटर वर राहतं. मी नेमके ते दोन मिलिमीटर मोजलेच नाहीत. खांदे राहिले अधांतरी, आणि वरच्या तीन कॅनचं सगळं वजन खालच्याच्या झाकणावर.

आत्या : बाप रे. मग वॉशर बिचारा काय करणार? चिरडणारच तो.

मुलगी : आणि हे शोधलं कोणी? मी! तुझ्याकडे गृहपाठ करत होते ना, तेव्हा तू म्हणालीस, "मी घट्ट बसवलेत, माझा वॉशर गळणार नाही." मी म्हटलं, आत्या खोटं बोलत नाही. मग शाळेतला लाल खडू आणला, खांद्यांना फासला, झाकणाला फासला आणि चार कॅनची थप्पी लावली. उचलून बघते तर वरच्या बुडाच्या खळग्यात लाल टिळा! कोपरे मात्र स्वच्छ.

बाबा : मी हिला म्हणालो, मी व्हर्निअरने मोजलंय, तू मला शिकवू नकोस.

आत्या : म्हणणारच. लहानपणापासून तसाच आहेस.

बाबा : मग हिने तुझ्या डब्यातलं झाकण माझ्यासमोर ठेवलं. टेबलावरच्याच्या शेजारी.

मुलगी : तेव्हा बाबाचा चेहरा बघायला हवा होतास! स्टूल नव्हतं तिथेच बसायला गेला.

बाबा : साच्याचा तळ नव्याने केला. खळगा तीन मिलिमीटरने वाढवला. आणि तुला सांगायला यायची हिंमत होईना. त्या हमालांसमोरही हेच सांगेन. आज काहीही निघो, तुझा हात चोख आहे.

आत्या : आज म्हणजे? अजून बघितलं नाहीत?

मुलगी : नाही ना! हा दोरीच सोडत नाही!

आत्या : सरक. गाठ तर बघा, जन्माची वैरीण! हं, सुटली. पोरी, त्या टोकाला धर. ओढ!

मुलगी : ओढली! मी चढते वर. प्रत्येक थप्पीखाली रद्दी पेपर घातलाय, एक थेंब जरी सांडला तरी दिसेल. पहिली थप्पी... कोरडी! दुसरी... कोरडी! बाबा, डोळे का मिटलेस?

बाबा : तू बोल. मी ऐकतोय.

मुलगी : तिसरी, चौथी, पाचवी, सहावी कोरडी. इकडची रांग... सातवी, आठवी कोरडी. नववी... बाबा.

बाबा : काय?

मुलगी : इथे ओलं आहे.

बाबा : किती?

मुलगी : तळहाताएवढं.

बाबा : संपलं.

आत्या : एवढ्यात काय संपतं? पेपर दे इकडे. हम्म. साबणाचा वास कुठे आहे याला? बोटांत चोळ, फेस येतोय का?

मुलगी : नाही! साधं पाणी आहे! थांब, पलीकडे काहीतरी घरंगळलंय... काकांची पाण्याची बाटली! झाकण अर्धवट लावलंय!

आत्या : घ्या! आपले अठ्ठेचाळीस कोरडे आणि मेल्याची एक बाटली गळली.

मुलगी : दहावी, अकरावी, बारावी... कोरडी, कोरडी, कोऽरडी! बाबा, उघड डोळे! वर्तमानपत्र वाचता येतंय, शब्दकोडंसुद्धा सोडवता येईल!

बाबा : खरंच?

मुलगी : ये ना वर! हात लावून बघ! अरे, तू खाली का बसलास?

बाबा : काही नाही. आठ दिवसांनी श्वास घेतल्यासारखं वाटतंय.

आत्या : घे, पोटभर घे. पोरी, उतर खाली, धडपडशील. आणि आत जाऊन याच्या टेबलावरचं ते झाकण आण.

बाबा : कोणतं?

आत्या : ज्यावरून मोजलंस ते.

बाबा : ते कशाला? फेकूनच देणार आहे मी.

आत्या : फेकू नकोस. वॉशर बसवून देते.