आजारी माणसाकडचा चहा

...आणि वर लोक मलाच विचारतात, 'काय दत्ताराम, वहिनींचं ऑपरेशन अजून नाही केलंस?' आता तुम्हाला सांगतो, मी काय सुरी घेऊन बसलोय घरात? मालनचं, आमच्या हिचं, पिशवीचं ऑपरेशन. गाठ आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'हिमोग्लोबिन दहाच्या वर आणा, त्याआधी मी हात लावणार नाही.' आणि ते आठावर बसलंय ते बसलंयच. कठड्याला धरून जिना चढते हो बाई, बघवत नाही मला.

गोळ्या चालू, पालक चालू, तांबडा माठ चालू, रविवारी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण. रिपोर्ट काय? आठ. एवढं लोह जातं कुठे? म्हटलं, रे रोडला भंगारात विकतेस की काय तू?

शेवटी छडा लावला आमच्या सुनेने, राहुलच्या बायकोने, मेघनाने. 'बाबा, आई लोहाची गोळी कशाबरोबर घेतात?' कशाबरोबर म्हणजे? चहाबरोबर! आमच्या घराण्यात गोळी चहाबरोबरच घेतात, नुसत्या पाण्याने ती लागू तरी पडते का? तिने कपाळाला हात लावला. 'चहा लोह अंगी लागूच देत नाही, बाबा. लिंबू लागू देतं. गोळी लिंबूपाण्याबरोबर, पालकावर लिंबू. आणि चहा? तासभर थांबा.'

झालं, तेव्हापासून आमच्या ताटात सोयरिकी जुळवतात. पालकाचं लिंबाशी जमतं, हळदीला मिरी लागते, गाजराला तूप हवं, कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीशेजारी बसवायची नाही... मी इकडे भुकेने व्याकूळ, आणि यांचं आपलं पत्रिका बघणं चाललंय. कसंबसं जेवलो, म्हटलं, आता चहा टाका. 'तासभर थांबा.'

पण तेही चाललं असतं हो, खरा घोळ पुढेच आहे. ऑपरेशन म्हटल्यावर माणसं बघायला येणार, आणि बघायला आलेल्याला चहा नाही, असं आमच्या लालबागच्या चाळीत कधी झालंय? त्यात पेशंटने सोबत घोटभर घेतला नाही, तर 'मालन पार खचली' अशी बातमी तळमजल्यापर्यंत. शेजारच्या रखमाकाकी तर रोज. 'गो मालन, मी एकटी पिऊ काय? अर्धो कप तरी घे.' मेघना म्हणाली, 'काकी, आईंचं आत्ताच जेवण झालंय. तासभर थांबा.' तर काकी म्हणतात, 'थांबतंय मगे,' आणि तिथेच फतकल मारून बसल्या!

म्हणजे बघा, चहामुळे लोह नाही, लोह नाही म्हणून ऑपरेशन पुढे, ऑपरेशन पुढे गेलं म्हणून आणखी माणसं बघायला, म्हणून आणखी चहा. परळहून मामा, गिरगावातून चुलतसासू... एकदा सगळे गेल्यावर मालन म्हणाली, 'अहो, हे असंच राहिलं तर? मला भीती वाटते.' उभ्या संसारात ही बाई असं बोलली नव्हती.

मग मी युक्ती काढली. पाहुण्यांसमोर चहा तिलाही द्यायचा, नाव राहतं. आणि पाहुण्याची नजर फिरली, की तिचा कप मी ओढायचा. ओतून द्यायचा म्हणजे अन्नाचा अपमान. माझं पान मांडलेलं असलं तरी, भाताचा घास तोंडात असला तरी. तिला आत गेल्यावर लिंबूपाणी. कुणाला पत्ता नाही. आणि चढलं हो! साडेदहा. तारीख मिळाली. मालन रडली, मीपण जरा रडलो.

हॉस्पिटलवाले म्हणाले, घरच्या कुणीतरी रक्त द्या. मी बाह्या सरसावून हजर. तिथल्या मुलीने माझ्या बोटाला टोचलं, थेंब तपासला, मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली. 'काका, तुमचंच हिमोग्लोबिन कमी आहे. तुम्हालाच द्यावं लागेल.' शेवटी रक्त राहुलने दिलं.

ऑपरेशन छान झालं. मालन आता जिना न थांबता चढते. पडून राहिलोय मी, लिंबूपाणी पीत, आणि माणसं येतात मला बघायला. काल रखमाकाकी आल्या. चहा आला, त्यांना एक, मला एक. मी विचार करतोय, आता काय करायचं... तर काकी जरा खिडकीकडे वळल्या, आणि मालनने माझा कप उचलून गटागटा पिऊन टाकला.

आता तिचं परत उतरणार. तुम्ही बघायला याल तेव्हा, मेहेरबानी करून, घरूनच पिऊन या.