काचेवरचा बायोडेटा

भाऊ: आधी ओठाचं रक्त पूस, ताई. कीबोर्डवर ठिबकतंय.

ताई: राहू दे. तू छापायला घे. वसतिगृहात अकराला मुलाखत आहे, बस चुकली की संपलं.

भाऊ: अगं, कालच तर तुझा बायोडेटा दिला होता. चांगल्या जाड कागदावर.

ताई: तुझ्या दाजींनी फाडला. तुकडे माझ्या तोंडात कोंबले. म्हणाले, नोकरी हवी ना, मग गीळ. गिळेपर्यंत मान सोडली नाही.

भाऊ: पण त्यांना कळलं कसं? आपल्या दोघांशिवाय कुणाला...

ताई: तुझ्या दुकानाच्या काचेवरून. नमुना म्हणून लावलास ना तिथे?

भाऊ: जो चांगला जमतो तो लावतो गं मी. सगळ्यांचेच लावतो. तुझा आधीचा कसला गिचमिड होता! चौकट काय, वेली काय, तीन-तीन रंग, सगळीच अक्षरं ठळक. वाचणाऱ्याला भोवळच यायची. मी ते सगळं उपटून टाकलं, मोकळी जागा सोडली, नाव मोठं केलं. इतका देखणा झाला, की मला राहवलं नाही.

ताई: हो. रस्त्याच्या पलीकडून वाचता आला त्यांना.

भाऊ: शेण खाल्लं मी. तुझ्या तोंडाकडे बघवत नाही.

ताई: नको बघूस, काम कर. या नोकरीबरोबर राहायला खोली आहे, छोट्या. ती मिळाली नाही तर आज संध्याकाळी पुन्हा त्याच घरात जायचं. आज ते मला जिवंत ठेवणार नाहीत. मला मरायचं नाहीये रे.

भाऊ: माझ्याकडे राहा.

ताई: मागे राहिले होते ना? केसांना धरून जिन्यावरून खाली ओढत नेलं. तू मधे पडलास, तर तुझं कोपर अजून सरळ होत नाही.

भाऊ: बरं, मग इकडे बघ. लग्नाआधीचं पॅकिंगमधलं काम सगळ्यात वर घेतलंय. बायकांची अख्खी शिफ्ट तुझ्या हाताखाली होती, ते पहिल्या नजरेत दिसलं पाहिजे. मधली रिकामी वर्षं खाली ढकलली. फोटो काढून टाकू का?

ताई: काढ. आज त्या फोटोवरून मला कोण ओळखणार?

भाऊ: हा बघ, आला. कागद मोठा आहे, कडा कापून टाकू. कटरखाली सरकव, आणि दांडी जपून, नवं पातं आहे.

(दाराची काच खळकन फुटते.)

दाजी: वा, मेव्हणे! दुकान जोरात आहे की. आमच्या बायकोचं नाव भर रस्त्यात टांगता, येणारेजाणारे वाचून हसतात, आणि आम्ही खाली मान घालून चालायचं?

भाऊ: दाजी, बाहेर व्हा.

दाजी: बाहेर? हे घे बाहेर! हे घे!

भाऊ: आई गं... नाक...

ताई: अहो, त्याला नका मारू! तुमचं भांडण माझ्याशी आहे!

दाजी: तुझ्याशी घरी बघतो. आधी तो कागद. कुठाय? हा होय, कटरखाली! सकाळी गिळून पोट भरलं नाही वाटतं...

ताई: हात तिथेच.

दाजी: आँ? अगं ए, ते पातं! दांडी सोड!

ताई: दांडी माझ्या हातात आहे आणि तुझा पंजा पात्याखाली. दुसरा हात उचललास तर अंगाचा सगळा भार टाकीन.

दाजी: मला अरे-तुरे करतेस?

ताई: हो.

दाजी: ए, लागलं! रक्त आलं! वेड लागलं का तुला? नवरा आहे मी तुझा!

ताई: या कागदावर कुठे लिहिलंय तसं? वाच. मोठी अक्षरं आहेत.

भाऊ: ताई, दाबू नकोस. बोटं तुटली तर मुलाखतीऐवजी कोठडीत जाशील.

ताई: ठाऊक आहे रे. म्हणून नुसतं टेकवलंय. हात किती शिवशिवतायत, तुला काय सांगू!

दाजी: मेव्हणे, हिला समजवा हो. घरी जाऊ, गोडीगुलाबीने राहू.

ताई: चूप! छोट्या, हा कागद याच्या रक्ताने बरबटला. दुसरा काढ.

भाऊ: काढतो. थांब... वर पत्ता अजून याच्याच घराचा आहे.

ताई: पुसून टाक.

भाऊ: पुसला. हा घे, नीट धर, शाई ओली आहे.

ताई: आता इकडे ये, ही दांडी धर. माझी बस सुटेपर्यंत सोडायची नाही.

भाऊ: धरली. पण ताई, पत्त्याची जागा रिकामी दिसते गं. त्यांनी विचारलं तर?

ताई: सांगेन, नोकरी दिलीत की तुम्हीच लिहा.