पाहुण्यांपुढची भाषा

लॉरी: तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. फक्त माझ्या बायकोचे वाचेचे उपचार संपल्याचा तो कागद आज भरू नका, एवढीच विनंती आहे.

हॅरिएट: मिस्टर मौअट, मी त्यांना पन्नास चित्रं दाखवली, पन्नासही नावं बरोबर आली. वर्तमानपत्र वाचून त्यांनी मला त्यातली गंमत सांगितली. मार्चमध्ये मेंदूचा झटका आला तेव्हा त्यांना स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. चार महिन्यांत एवढी वाचा परत आलेलं दुसरं माणूस मी तरी पाहिलं नाही.

लॉरी: कोकराच्या चित्राला काय म्हणाली ती?

हॅरिएट: कोकरू.

लॉरी: बघा.

हॅरिएट: पण ते कोकरूच होतं.

लॉरी: एकावन्न वर्षं तिनं माझ्याबरोबर मेंढरं राखली. पाठीवर ठिपका असला तर एक नाव, पाय काळे असले तर दुसरं, तोंडावर पट्टा असला तर तिसरं. अशी वीसेक नावं तिच्या जिभेवर असायची. आता सगळी कोकरं नुसती कोकरू. आमच्या बेटावर लहान वस्तूला पीरी म्हणतात. पीरी वाटी, पीरी पोर, टेकडीसुद्धा पीरी. मार्चपासून तिच्या तोंडून तो शब्द मी एकदाही ऐकला नाही.

हॅरिएट: म्हणजे त्या प्रमाण इंग्रजी बोलतात, शेटलंडची बोली बोलत नाहीत, असं म्हणायचंय तुम्हाला?

लॉरी: आता मी तुमच्याशी बोलतोय ना, तसं बोलते. इस्त्री केलेलं. आम्ही ह्याला नॅपिंग म्हणतो. पाद्री आला, डॉक्टर आला, दक्षिणेकडचं कुणी बोटीवर भेटलं की बेटावरचं लहान मूलसुद्धा असं बोलतं. दार लागलं की काढून ठेवायचं, घट्ट बुटांसारखं. ती काढतच नाही. घरात, माझ्यापुढे, निजताना.

हॅरिएट: त्या तुम्हाला ओळखतात ना?

लॉरी: ओळखते की. लग्नात माझ्या कोटाचं बटण तुटलं होतं, तेही तिला आठवतं. पण मला लॉरेन्स म्हणते. सगळं जग मला लॉरी म्हणतं, आणि ही लॉरेन्स. वर तुम्ही.

हॅरिएट: तुम्ही म्हणजे?

लॉरी: तुमच्या इंग्रजीत तू कधीच बंद पडलं, म्हणून तुम्हाला ते ऐकू येत नाही. आमच्यात अजून आहे. नवरा-बायकोत तू, भावाभावांत तू, देवाला तू. तुम्ही फक्त परक्याला. चार महिने झाले, रोज सकाळी माझी बायको मला विचारते, तुम्हाला झोप लागली का. मी काय सांगावं? ती माझी बायकू हाय, लॉजवर उतरलेली बाई न्हाई... माफ करा.

हॅरिएट: माफी कशाला? बोला तसंच.

लॉरी: नाही, तुमच्यापुढे बरं दिसत नाही. अजून सहा आठवडे तिला शिकवा, बाई. पण आमच्या बोलीत शिकवा.

हॅरिएट: ती मला येत नाही, मिस्टर मौअट. मी दक्षिण इंग्लंडातल्या सरेची. चित्रांचे संच एकाच भाषेचे येतात आणि गुणही त्याच भाषेत द्यायचे असतात. माझ्या यादीत बावीस माणसं थांबलीत. त्यातल्या एका बाईला पाणीसुद्धा मागता येत नाही. तिची वेळ मी तुम्हाला कोणत्या तोंडानं देऊ?

लॉरी: तिला द्या. ते खरं आहे.

हॅरिएट: एक विचारू? दोन भाषा असलेल्या माणसाला झटका आला की कधी एकच परत येते. बहुतेक वेळा लहानपणची येते. कधी मात्र ज्या भाषेत जीव जास्त गुंतला होता ती येते. त्यांच्या घरात असं इंग्रजी कधी बोललं जायचं का?

लॉरी: नाही. आमच्या घरात कधीच नाही.

आंद्रिना: आत येऊ का? नर्स म्हणाल्या, रक्तदाब उत्तम आहे.

हॅरिएट: या, मिसेस मौअट, बसा. तुमच्याबद्दलच बोलत होतो. घरात तुम्ही कधी असं बोलायचात का, हे विचारत होते.

आंद्रिना: हो तर. मॅग्नसशी, आमच्या मुलाशी. जन्मला त्या दिवसापासून घर सोडून गेला त्या दिवसापर्यंत.

लॉरी: आंद्रिना.

आंद्रिना: त्यांनी विचारलंय, लॉरेन्स.

हॅरिएट: मुलाशीच का?

आंद्रिना: लॉरेन्स तेव्हा मेंढरांच्या जोडीला खनिज तेलाच्या कामावरही होते. मुकादमाची जागा त्यांना मिळणार होती. मग दक्षिणेकडचा एक साहेब सगळ्यांदेखत वायरलेसवर म्हणाला, ह्या माणसाचं मला काही कळत नाही, इंग्रजी येणारं कुणी पाठवा. जागा दुसऱ्याला गेली. हे घरी आले, जेवले नाहीत. मी सात महिन्यांची गरोदर होते. म्हणाले, आपली बोली पोराच्या कानावर पडता कामा नये.

हॅरिएट: आणि तुम्ही ऐकलंत?

आंद्रिना: ऐकलं. मला त्या भाषेत अंगाई येत नव्हती. रेडिओवर बातम्या देणारी बाई होती, तिच्यासारखी मी पाळण्यापाशी उभी राहून बोलायचे. आधी माझं मलाच हसू यायचं. मग त्याला दात आले, ताप आले, त्यानं पहिलं पाऊल टाकलं, सगळं त्याच भाषेत झालं. हसू यायचं कधी थांबलं ते कळलं नाही.

हॅरिएट: मग ती तुमच्यासाठी पाहुण्यांची भाषा राहिली नव्हती.

आंद्रिना: नाही. माझ्या बाळाची होती.

लॉरी: सही कुठं करायची?

हॅरिएट: इथे, खाली. मिस्टर मौअट, मला खरंच वाईट वाटतं.

लॉरी: तुमचा काय दोष. पेन चालत नाही हे.

(टॉफ्टच्या धक्क्यावर, येल बेटाकडे जाणाऱ्या बोटीच्या रांगेत थांबलेली गाडी. दुपार.)

लॉरी: सूप वतू का तुला? खारवलेल्या मटनाचं हाय. गरम हाय अजून.

आंद्रिना: आत्ता नको. आभारी आहे.

लॉरी: आभार कशाचे मानतीस गं.

आंद्रिना: चुकलं माझं.

लॉरी: मी तिला खोटं सांगितलं. तुझ्या ध्यानात आलं आसंल.

आंद्रिना: दाराबाहेर ऐकू येत होतं.

लॉरी: लाज वाटली मला. आजपातूर कुनाला सांगितलं न्हवतं. तुझ्या मायनं एकदा इचारलं, नातवाशी पाद्र्यावानी का बोलता, तर तिच्याशी म्या दोन वरीस अबोला धरला.

आंद्रिना: आठवतं मला.

लॉरी: आंद्रिना, एक सबूद बोल. कंचाबी. गाडीच्या काचा लावल्यात, कुनी ऐकत न्हाई.

आंद्रिना: तुम्ही मेंढरांकडे गेलात की मी रोज आरशापुढे उभी राहते. शब्द सगळे कळतात मला. पण तोंडातून निघाले की बेट बघायला आलेला एखादा हौशी माणूस आपल्या बोलीची नक्कल करतो ना, तसे निघतात. मला माझीच लाज वाटते.

लॉरी: नक्कल तर नक्कल. मला चालंल.

आंद्रिना: मला नाही चालणार.

लॉरी: ऐतवारी ऑस्ट्रेलियातनं पोराचा फोन येतो, तवा तुमी दोघं तासभर हसता. मग तू फोन माज्याकडं देतीस आन् मी इचारतो, तिकडं हवा कशी हाय. तो इचारतो, मेंढरं कशी हायेत. झालं. पंचेचाळीस वरसाचा झाला, एकदाबी भांडलो न्हाई आमी. लोक म्हनत्यात, बापलेकांचं किती ग्वाड हाय. भांडायलाबी आपली बोली लागती, हे कुनाला सांगू?

आंद्रिना: त्यालाही ठाऊक होतं ते.

लॉरी: काय ठाऊक हुतं?

आंद्रिना: पंधरा वर्षांचा होता. रात्री भिंतीपलीकडून आपलं बोलणं त्याला ऐकू यायचं. मला म्हणाला, आई, बाबा तुझ्याशी कुठल्या भाषेत हसतात? माझ्याशी त्या भाषेत कधीच का हसत नाहीत?

लॉरी: मग तू काय म्हनलीस?

आंद्रिना: म्हणाले, झोप आता.

लॉरी: मला का न्हाई सांगितलंस?

आंद्रिना: सांगून काय झालं असतं? तुम्ही आपल्या बोलीत बोलला असतात आणि त्याला दर दोन वाक्यांनी अर्थ विचारावा लागला असता. तुमची मान खाली गेली असती. त्याचीही. मला दोघांची कीव आली.

लॉरी: चांगलं करायला गेलो म्या. देवाची आन घिऊन सांगतो, त्याचं भलं व्हावं म्हनून केलं. त्याला कुनी हसू नये, येवढंच हुतं मनात.

आंद्रिना: कोणी हसलं नाही त्याला. चांगली नोकरी आहे. तुमच्या मनात होतं ते खरं झालं.

लॉरी: आता मी कुनाशी बोलू, आंद्रिना? भाऊ गेला. शेजारचा गिल्बर्ट गेला. दुकानात बसती ती पोरगी मँचेस्टरची. तू हुतीस म्हून मला काय वाटत न्हवतं. सांजच्याला दार लावलं की म्हनायचो, जग गेलं खड्ड्यात, आपलं मानूस घरात हाय.

आंद्रिना: मी घरातच आहे.

लॉरी: हायेस. आन् न्हाईसबी.

आंद्रिना: हो. मलाही तसंच वाटतं. रात्री जाग आली की मी स्वतःशी मनात बोलते, तेही ह्याच भाषेत. माझी आई स्वप्नात येते आणि तीसुद्धा बातम्या देणाऱ्या बाईसारखी बोलते. तुमची बायको गेली, तर माझी आई गेली, लॉरेन्स. तुम्ही एकटेच नाही आहात.

लॉरी: हे म्हाईत न्हवतं मला.

आंद्रिना: कसं माहीत असणार? मीच बोलले नाही. एक मागू का तुमच्याकडे?

लॉरी: माग की.

आंद्रिना: माझ्याशी असं बोलू नका यापुढे.

लॉरी: आसं म्हंजे?

आंद्रिना: आपल्या बोलीत. तुम्ही बोलता आणि मग माझ्या तोंडाकडे बघत बसता. आता येईल, आता येईल, म्हणून. दिवसातून वीस वेळा. ते मला सोसत नाही. कुत्र्याशी तुम्ही किती मोकळं बोलता. त्याच्याकडे उत्तर मागत नाही तुम्ही. मी स्वयंपाकघरात ऐकत असते, हातातलं काम थांबवून. ते बोला. ते चालू द्या. पण माझ्याशी मॅग्नसशी बोलता तसं बोला.

लॉरी: परक्यावानी?

आंद्रिना: आपल्या मुलाशी बोलता तसं.

लॉरी: येकच झालं ते.

आंद्रिना: हो. एकच आहे.

लॉरी: लई मोठं मागितलंस गं.

आंद्रिना: कळतंय मला. बोट लागली वाटतं. पुढची गाडी निघाली.

लॉरी: निघाली, हो.

आंद्रिना: लॉरेन्स?

लॉरी: ऐकतोय मी. कोटाची बटणं नीट लावून घ्या. बोटीवर वारा फार असतो, तुम्हाला सोसायचा नाही.